हैबतरावांचा गड आणि पालकांची सही

जुलै महिन्यात शाळेत एक परिपत्रक आलं. प्रत्येक शिक्षकाने एक नवोपक्रम राबवावा, त्याचे पुरावे जपून ठेवावेत, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी अधिकारी शाळेत येऊन तो पाहतील, आणि जिल्ह्यातून जो उपक्रम निवडला जाईल त्यात वापरलेलं पुस्तक जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या ग्रंथालयांना पाठवलं जाईल. बाकीच्या शिक्षकांनी परिपत्रकावर सही करून ते पुढच्या टेबलावर सरकवलं. मी मात्र शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

त्या वाक्यात माझा जीव का अडकला ते सांगतो. मी ज्ञानेश कापडणीस, नववीला मराठी शिकवतो, आणि मी एक ऐतिहासिक कादंबरी लिहिलेली आहे. 'गड राखिला हैबतरावांनी'. पाचशे चौदा पानं. गड काल्पनिक, वेढा काल्पनिक, भावना मात्र अस्सल. कादंबरी मी स्वतःच छापली. आजवर ज्या प्रती घराबाहेर पडल्या त्या मी लग्नकार्यांत आहेर म्हणून दिल्या, आणि ज्यांना दिल्या ते पुढच्या कार्याला आम्हाला बोलवायचे राहिले, हा योगायोग असावा. उरलेल्या प्रती पलंगाखाली आहेत. आमच्याकडे केरसुणी पलंगाखाली जात नाही, हैबतराव आडवे येतात.

आता ही कादंबरी सांगितली आहे तिघांच्या नजरेतून: किल्लेदार हैबतराव, खाली वेढा घालून बसलेला शत्रूचा सरदार, आणि हैबतरावांची पत्नी चिमाबाई. हैबतरावांना चारशे चाळीस पानं आहेत, सरदाराला त्रेसष्ट आणि चिमाबाईंना अकरा. त्या अकरांपैकी चार पानं त्या दिवा लावतात. पण नजरा तीन आहेत हे कोणीही नाकारू शकणार नाही. तेव्हा ऐतिहासिक कादंबरीतल्या पात्रांच्या दृष्टिकोनांची तुलना करायला मुलांना शिकवायचं, असा उपक्रम मी ठरवला.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर रविराज राहतो. परिपत्रक ज्या कार्यालयातून निघालं तिथेच तो आवक-जावक बघतो. त्याने जिन्यातच सल्ला दिला, "सर, शीर्षक दणकट ठेवा. आतलं कोणी वाचत नाही." म्हणून शीर्षक झालं, 'ऐतिहासिक कादंबरीतील पात्रांच्या दृष्टिकोनांचा तौलनिक अभ्यास: एक कृतियुक्त, बालकेंद्री व आनंददायी प्रवास'. हे शीर्षक फळ्यावर मावेना, म्हणून मी 'प्रवास' दारावर लिहिलं.

पहिला तास झोकात घेतला. वेढ्याचा साठावा दिवस आहे. हैबतराव बुरुजावर, चिमाबाई कोठारात, सरदार छावणीत. सकाळ एकच, पण तिघांना ती कशी दिसेल? लिहा. वर्गात शांतता पसरली. मुलं विचारात बुडाली असं समजून मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मग रुद्रने हात वर केला.

"सर, किती मार्कांना आहे?"

मी सांगितलं, मार्कांना नाही. वर्गाचा अर्धा उत्साह तिथे संपला. रुद्रने मग दुसरा प्रश्न विचारला, की साठ दिवस वेढा होता तर गडावरची माणसं खात काय होती. मी म्हणालो, स्वाभिमान. तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

एक्केचाळीस वह्या आल्या. एक्केचाळीस वह्यांत हैबतराव शूर, धाडसी व प्रजादक्ष होते, सरदार क्रूर व कपटी होता आणि चिमाबाई सोशिक होत्या. एकाने सरदाराच्या नजरेतून लिहिताना "मी क्रूर व कपटी आहे" अशी प्रामाणिक सुरुवात केली होती. मला धक्का बसला, पण मुलांना बोलण्यात अर्थ नव्हता. पात्र दिसलं की त्याच्या स्वभावाचे चार मुद्दे काढायचे हे आम्हीच त्यांना पाचवीपासून शिकवत आलोय.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मी हे दुःख गोरक्षनानांना सांगितलं. नाना आमचे चेअरमन आणि रुद्रचे आजोबा. देवळाली कॅम्पला तोफखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. काम स्टोअरमध्ये ब्लँकेटं वाटायचं होतं, पण माणूस तोफखान्यातला.

"मास्तर, तुमचा नेम लांब लागतोय," नाना म्हणाले. "पोरांना काय माहीत तुमचा हैबतराव? बच्चा लोगला आधी जवळचं टार्गेट द्या. घरात काय कमी वेढे पडतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरात घडलेली गोष्ट लिहायला लावा. दोन माणसांच्या नजरेतून. एकदा हात बसला की मग चढवा गडावर."

हा सल्ला नानांचा होता. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे आठच दिवसांत नाना म्हणायला लागले की आपण त्या संध्याकाळी बाकावर बसलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी गृहपाठ दिला. घरात घडलेला एक खराखुरा प्रसंग घ्या, दोन माणसांच्या नजरेतून लिहा, दोन्ही वेळा 'मी' वापरा, शेवटी तुलना करा. यावेळी मार्क कोणी विचारले नाहीत. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच मुलांनी जादा पानं मागितली. दोघांनी तर नजरा दोनच का, चार चालतील का, असं विचारलं. मी भरून पावलो.

शुक्रवारी वह्या तपासायला घेतल्या आणि माझ्या अंगावर काटा आला.

रुद्रने नानांच्या सकाळच्या फिरण्यावर लिहिलं होतं. पहिल्या नजरेत नाना रोज पहाटे सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन येत होते, शिस्त हीच संपत्ती म्हणत होते, आणि डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात फक्त मुगाचं वरण घेत होते. दुसरी नजर कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याची होती. "मी भट्टी पेटवतो तेव्हा हे बाहेर उभे असतात. तर्री दोनदा घेतात. जाताना शर्टाला वास येतो का ते मला हुंगायला लावतात."

रविराजच्या मुलीने सापुताऱ्याच्या सहलीवर लिहिलं होतं. पहिल्या नजरेत रविराज साहेबांना फोन करून सासूबाई वारल्याचं सांगत होता आणि आवाज दाटून आणायचा सराव करत होता. दुसरी नजर सासूबाईंची होती, आणि त्या त्या वेळी गाडीत मागच्या सीटवर बसून चिवडा खात होत्या. "मी यंदा दुसऱ्यांदा वारले," असं पहिलंच वाक्य. "मागच्या वेळी महाबळेश्वर होतं. तेव्हा थंडी बाधली होती."

अशा चाळीस वह्या. कोणाच्या काकू नणंदेच्या मोबाइलचं कुलूप उघडत होत्या, कोणाचे बाबा रुसून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे तीन तास बसले होते आणि त्यांना शोधायला कोणीही गेलं नव्हतं. निम्म्या माणसांना मी रोज नमस्कार करतो. वाचता वाचता मला धक्क्यांवर धक्के बसत होते, आणि खोटं कशाला बोलू, वही खाली ठेववत नव्हती. हैबतरावांच्या चारशे चाळीस पानांत एकदाही असं झालेलं नाही, ही शंका मनात आली, ती मी दाबली.

एक्केचाळिसावी वही माझ्याच मुलीची, वेदिकाची होती. स्वतःच्या पाल्याचं काम स्वतः तपासू नये हा माझा दंडक आहे आणि तो मी चारचौघांत सांगतो. त्यामुळे ती वही न उघडता मी मुख्याध्यापिका तेजस्विनी मॅडमकडे दिली. मॅडम गणिताच्या आहेत, पक्षपात करत नाहीत.

आणि इथे माझ्या हातून ते झालं. मनाने मी टाकीमागे बसलेल्या त्या बाबांपाशी होतो, पण लाल पेन हातात होतं, आणि लाल पेनाला सत्तावीस वर्षांची सवय. चाळीस वह्यांखाली चाळीस वेळा मी लिहिलं, "छान. पालकांची सही आणावी." शनिवारी सकाळी वह्या मुलांना वाटल्या. मुलंही आज्ञाधारक, सही आणायला घेऊन गेली.

रविवारी दुपारपर्यंत सोसायटी शांत होती. चारच्या सुमाराला वरच्या मजल्यावरून भांडं पडल्याचा आवाज आला. नंतर दुसरं पडलं. मग रविराजच्या सासूबाईंचा नामपूरहून फोन आला असावा, कारण तो स्पीकरवर होता आणि जिन्यात स्वच्छ ऐकू येत होता. "जवाईले सांग, मी अजून जित्ती शे."

सोमवारी रुद्रच्या वहीवर सही होती ती त्याच्या आजीची, कुसाबाईंची. सहीखाली त्यांनी पालकांचा अभिप्राय म्हणून लिहिलं होतं, "छान. उद्यापासून मीपण फिरायला येते." त्याच सकाळी मी नाना आणि कुसाबाईंना सोमेश्वरच्या रस्त्याने चालताना पाहिलं होतं. कुसाबाई पुढे होत्या. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की तोफ हाताशी असती तर त्यांनी ती पहिल्यांदाच चालवली असती.

साडेदहाला शाळेच्या फाटकाशी पालक जमले. एरवी पालकसभेला बोलावून बोलावून सात जण येतात. त्या दिवशी न बोलावता साठ आले. माझा पोरगा खोटं लिहितो असं कोणीच म्हणत नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, सरांना हे कळायचं कारण काय. एका बाईंनी मला विचारलं, "सर, तुम्ही इतिहास शिकवत होता ना?" मी म्हणालो, मराठी. "मग तर कळायचं कारणच नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला अजून बोचतं.

तेजस्विनी मॅडमनी मला आत बोलावलं.

"कापडणीस सर, खुलासा द्या. तीन प्रतींत."

"कोणत्या मुद्द्यावर मॅडम?"

"तेही तुम्हीच लिहा. मला सुचत नाहीये."

तिकडे माझा अहवाल, कादंबरीची प्रत जोडलेला, रविराजच्या टेबलावर होता. सोमवारी तो परत आला, चार त्रुटींसह. पानांना क्रमांक नाहीत. क्रमांक आहेत पण उजवीकडे आहेत. मुख्याध्यापकांचा शिक्का तिरपा आहे. चौथी त्रुटी अशी, की तिसरी त्रुटी दूर केल्याचा दाखला जोडलेला नाही. मी जिन्यात त्याला गाठलं. "रविराज, अरे शेजारी आहोत आपण." तो म्हणाला, "सर, शेजारी आहात म्हणून चार काढल्या."

अखेर मॅडमनी तोडगा काढला. जुनी पानं मुलांनी घरी ठेवावीत आणि तोच गृहपाठ नव्याने, पालकांच्या देखरेखीखाली लिहून आणावा. गुरुवारी नव्या वह्या आल्या. नाशिक शहरात एकाएकी स्वर्ग अवतरला होता. एका वहीत आई म्हणत होती, "मी अत्यंत समाधानी आहे." दुसऱ्या नजरेत बाबा म्हणत होते, "ती अत्यंत समाधानी आहे." तुलना: दोघांचंही एकमत आहे. रुद्रच्या वहीत नाना आणि कुसाबाई फिरायला जातात, हे दोघांच्याही नजरेतून सारखंच लिहिलं होतं. अक्षर नानांचं होतं.

या वह्या घेऊन मी अधिकाऱ्यांपुढे उभा राहणार होतो. उपक्रम बुडाला तर हैबतराव पलंगाखालीच म्हातारे होणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्या भागाची दोनशे पानं लिहून झाली होती, ती कोणासाठी? घरात मी हे बोलून दाखवलं. संजना, म्हणजे आमची ही, पोस्टात आहे. ती डबे भरत होती. "होईल काहीतरी," ती म्हणाली. माझ्या लेखनावर तिची श्रद्धा फार. प्रत्येक प्रकरण मी आधी तिला वाचून दाखवतो आणि प्रत्येक वेळी ती छान म्हणते.

शनिवार उजाडला. साहेब आले. ते आधी सुरगाण्याच्या डोंगराळ भागात होते, तिकडे प्रवासी जीपमध्ये बाविसावे म्हणून बसून त्यांनी शाळा तपासल्या होत्या, त्यामुळे त्यांना घाई म्हणून नव्हती. मागच्या बाकांवर पालक बसले होते, घरचं आणखी काही बाहेर पडू नये म्हणून जातीने आलेले. नाना होते, रविराज होता, अर्धी रजा टाकून संजनाही आली होती. साहेबांनी शीर्षक पूर्ण वाचलं, मध्ये एकदा श्वास घेतला, आणि वह्या उघडल्या. एक वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली.

"सर," ते म्हणाले, "ही सगळी मुलं एकाच घरात राहतात का?"

माझ्या पाचावर धारण बसली. मागे नाना खाकरले. तेवढ्यात तेजस्विनी मॅडमनी पिशवीतून एक वही काढून पुढे केली. "ही एक मूळची आहे साहेब. मी तपासली आहे. आईची सही आहे. बदलायची का म्हणून विचारलं, तर मुलीच्या आईने नको म्हणून सांगितलं."

वही वेदिकाची होती. साहेबांनी ती चाळली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चाळली.

"तुम्हीच वाचा सर. कादंबरीकारांच्या तोंडून होऊ द्या."

मी वही घेतली. लेखकाची मुलगी आहे, लाज राखणार, या खात्रीने सुरुवात केली.

"प्रसंग. बाबांनी आईला दुसऱ्या भागाचं एकोणिसावं प्रकरण वाचून दाखवलं. पहिली नजर, बाबांची. मी खुर्ची घेऊन बसलो. ती पलंगावर होती. या प्रकरणात हैबतराव तापाने फणफणलेले असूनही तीन दिवस बुरुजावरून हलत नाहीत. माझा आवाज चढत गेला. पाचव्या पानाला तिने डोळे मिटले. आठव्या पानाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लेखकाला आणखी काय हवं? मी विसावं प्रकरण उघडलं."

हुबेहूब. ऑगस्टमधली ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवली. पोरीने बापाला काय टिपलंय म्हणून मी कौतुकाने वर पाहिलं. वेदिका तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मी पान उलटलं.

"दुसरी नजर, आईची. मी सहाला पोस्टातून आले. अंग मोडून आलं होतं. भाताचा कुकर लावला आणि पडले. हे खुर्ची घेऊन आले."

इथे मी थांबलो. पुढच्या ओळी डोळ्यांना दिसल्या होत्या. सत्तावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला अर्धं पान गाळून पुढे जाणं सहज जमतं, वर्गाला पत्ता लागत नाही. पण तिसऱ्या बाकावरची मान आता वर झाली होती, आणि मागच्या बाकांवर जी माणसं बसली होती त्यांच्या घरची अशी पानं मी न गाळता वाचली होती. नाना तर पुढे वाकून बसले होते. मी वाचलं.

"डोळे जळत होते म्हणून मिटले. पाणी तापाने येत होतं. यांनी विचारलं, रडलीस ना? मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ते प्रकरण पुन्हा वाचलं असतं. कुकरच्या शिट्ट्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं, भात लागला. वेदिकाने थर्मामीटर आणून लावला, एकशे दोन होता. तोवर हे विसाव्या प्रकरणात पोचले होते. मी म्हटलं, छान."

माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. राहिली होती तुलना.

"तुलना. दोघंही खोटं बोलत नाहीत. बाबांना वाटतं, आई रडली. आईला वाटतं, बाबांना सांगून उपयोग नाही. कादंबरीत चिमाबाईंना अकरा पानं आहेत. ती हैबतरावांना वाचायला दिली असती तर त्यांना काय वाटलं असतं, हे कादंबरीत दिलेलं नाही."

मी वही मिटली. मला फार लाज वाटली. धक्के मी आठवडाभर खात होतो, पण ते दुसऱ्यांच्या घरचे होते. मागे पाहायचं धाडस झालं नाही. पाहिलं तेव्हा रविराज खिडकीबाहेर बघत होता, नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, आणि कुसाबाईंशेजारी बसलेली संजना आपल्या पर्सचा बंद उगाच लावत-उघडत होती.

"झालं काम," साहेब म्हणाले. "याला म्हणतात तुलना. उपक्रम निवडला. जिल्हाभर राबवू."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी धीर करून विचारलं, "आणि साहेब, पुस्तक?"

"पुस्तक ज्या त्या शाळेने आपापलं घ्यावं, असा शेरा मारतो. सर, राग मानू नका, चारशे चाळीस पानं बुरुजावर जरा जास्त होतात." मग वेदिकाकडे वळून ते म्हणाले, "तू लिहीत राहा गं."

शाळा सुटली. वेदिका मैत्रिणींबरोबर पुढे गेली. मी आणि संजना स्कूटरपाशी आलो. दुसऱ्या भागाचं काय करायचं, नानांना तोंड कसं दाखवायचं, असले विचार डोक्यात होते, पण तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच.

"मला सांगायचंस ना, ताप आहे म्हणून."

"सांगितलं होतं." ती स्कार्फ बांधत होती.

"कधी?"

"तुम्ही खुर्ची आणलीत तेव्हाच. म्हटलं, अहो, मला ताप आहे."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, हैबतरावांनाही होता."

असं मी कधी बोलेन हे मला मान्य नव्हतं. किल्ली हातात धरून मी तिथेच उभा राहिलो आणि खूप आठवून पाहिलं. आठवलं काही नाही. पण वाक्य आटोपशीर होतं, ठसठशीत होतं, आणि त्यात हैबतराव होते. ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं असणं शक्य नव्हतं.